कानाने वाचलेले : एका महिन्याची नोंद

महिनाअखेरीस वाचलेल्या पुस्तकांची, ऐकलेल्या संगीताची आणि अलीकडे पॉडकास्टचीही यादी करण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. अशा याद्या वाचायला मला आवडतात. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर रेंगाळण्याची जी सवय आपल्यापैकी अनेकांना असते, तिचेच हे एक रूप. पण बहुतेक याद्यांमध्ये पुस्तकांची संख्या ठळक असते आणि 'आवडले' हा शब्द एखाद्या शिक्क्यासारखा उमटलेला असतो. का आवडले, कोठे आवडले, कोणत्या ठिकाणी मन अडखळले, याचा पत्ता नसतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने तरी 'आवडले' म्हणताना थोडी जबाबदारी घ्यावी, असे मला वाटते.

या महिन्याची माझी यादी लहान आहे. तीन पुस्तके, तीन गायक-वादक आणि दोन-तीन श्राव्य कार्यक्रम. त्यांची निवड ठरवून केलेली नव्हती. पण महिना संपता संपता लक्षात आले की या सगळ्यांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो धागा श्रवणाचा आहे. साहित्याच्या वर्गातून श्रवण जवळजवळ हद्दपार झाले आहे, आणि त्यामुळे आपले वाचनच अपुरे राहते आहे, असे माझे मत या महिन्यात अधिक पक्के झाले. पुढील नोंद त्या मताच्या पुष्टीसाठी आहे असे म्हटले तरी चालेल.

पहिले पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने माहीत असते. लक्ष्मीबाईंचे शाळेत जाऊन शिक्षण झालेले नव्हते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा झालेली ताटातूट, पुढे त्यांचे स्वतःचे धर्मांतर, संसारातील विलक्षण चढउतार, हे सारे त्या जसे बोलाव्यात तसेच लिहितात. या वेळी हे पुस्तक मी वर्गात मोठ्याने वाचायला घेतले. त्याआधी विद्यार्थ्यांनी त्यातील एक प्रकरण मनातल्या मनात वाचून टिपणे काढली होती. टिपणांत 'स्त्रीची अस्मिता', 'धर्मांतराचा संघर्ष', 'तत्कालीन समाजस्थिती' असे सारे काही होते आणि त्यातले काहीही चूक नव्हते. नंतर तेच प्रकरण आळीपाळीने मोठ्याने वाचले गेले आणि वर्ग हसू लागला. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाचे वर्णन विनोदी आहे, हे त्यांच्या टिपणांत कोणीच लिहिले नव्हते. आणखी काही पानांनंतर वाचणाऱ्या मुलीचा आवाज आपोआप उतरला. लक्ष्मीबाई हसण्याकडून दुःखाकडे जाताना मध्ये विराम घेत नाहीत. वाचणाऱ्याला मात्र तो घ्यावा लागतो. तो कोठे घ्यायचा हे ठरवणे म्हणजेच समीक्षेची सुरुवात होय.

मूकवाचनात डोळा आशयाकडे धावतो. परीक्षेसाठी वाचताना तर तो अधिकच धावतो. सत्रपद्धतीत एका साहित्यकृतीला जेमतेम काही तासिका मिळतात आणि त्यात 'घटक' पूर्ण करायचा असतो. या धावपळीत जे हरवते ते म्हणजे लेखनाचा स्वर. स्वर हरवला की उपरोध, लटका राग, संकोच, आवंढा हे सर्व हरवते आणि हाती उरते ते फक्त कथानक व त्यावर चिकटवलेल्या संज्ञा. 'स्मृतिचित्रे'सारख्या पुस्तकाचा अर्थच मुळी त्याच्या स्वरात आहे. तो ऐकू न आलेल्या विद्यार्थ्याने पुस्तक वाचले असे कसे म्हणावे?

दुसरे पुस्तक नादेझ्दा मांडेलश्ताम यांच्या आठवणींचे. मूळ रशियन, १९७० मध्ये पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी इंग्रजीत 'होप अगेन्स्ट होप' या नावाने आले. या पुस्तकाकडे मी पुन्हा वळलो तो अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'मुळे. जगभरच्या आणि युगायुगांच्या स्त्रियांचे अश्रू ज्या वहीत साठले आहेत, तिच्यात नादेझ्दाही आहे. तिचा नवरा, कवी ओसिप मांडेलश्ताम याने १९३३ मध्ये स्तालिनवर एक कविता रचली. ती कागदावर उतरवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून ती निवडक मित्रांना केवळ म्हणून दाखवली गेली. तरीही १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि हद्दपारी नशिबी आली. १९३८ मध्ये पुन्हा अटक झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मरण पावला. नादेझ्दाने त्याच्या कविता तोंडपाठ करून जपल्या. स्त्रुनिनो या गावी कापडगिरणीत रात्रपाळी करताना, यंत्रांमधून ये-जा करीत ती त्या पुटपुटत राही. हस्तलिखिते जप्त होऊ शकत होती, पण पाठांतर जप्त करता येत नव्हते.

हे वाचताना मराठीच्या अभ्यासकाला हिराइसेची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यातला एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. आपल्या गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण मानतो, तो एका स्त्रीच्या कानाने आणि स्मरणशक्तीने राखला, ही गोष्ट आपण पाठभेदांच्या चर्चेत एका ओळीत उरकतो. विसाव्या शतकातील रशिया आणि यादवोत्तर महाराष्ट्र यांची तुलना येथे करायची नाही. दोन्हींतील राजकारण, धर्मभावना, माणसे सर्वस्वी वेगळी. पण साहित्य जपण्याचे सर्वांत जुने साधन कागद नव्हे, एवढे या दोघी एकदम सांगून जातात. नादेझ्दा आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगते : ओसिपची कविता आधी कानात एखाद्या सुरावटीसारखी गुणगुणू लागे, शब्द मागाहून येत. कवितेचा 'आशय' आधी आणि 'अभिव्यक्ती' नंतर असे दोन कप्पे पाडून उत्तरे लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

तिसरे पुस्तक नमिता देवीदयाल यांचे 'द म्युझिक रूम' (२००७). मुंबईत केनेडी ब्रिजच्या परिसरातील एका खोलीत धोंडूताई कुलकर्णी यांच्याकडे लेखिका लहानपणी गाणे शिकायला जाऊ लागली, तेथून हे पुस्तक सुरू होते आणि धोंडूताईंच्या गुरू केसरबाई केरकर व त्यांचे गुरू अल्लादियाखाँ यांच्यापर्यंत मागे जाते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या तीन पिढ्या त्यात आहेत. पुस्तकात आख्यायिकांना वाव अधिक आहे, काही प्रसंग कादंबरीच्या अंगाने रंगवलेले वाटतात, आणि इतिहास म्हणून त्याकडे पाहणाऱ्याने सावध राहावे. पण गुरूसमोर बसून एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा ऐकणे, तसेच म्हणून पाहणे, न जमणे आणि पुन्हा ऐकणे, या शिक्षणपद्धतीचे इतके प्रेमळ वर्णन क्वचित सापडते. शिकवणे म्हणजे ऐकायला शिकवणे, हे येथे दिसते.

अर्थातच पुस्तक मिटल्यावर केसरबाईंची ध्वनिमुद्रणे काढली. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे. ज्या गायकीला रागाचा एक एक पदर उलगडायला तासभर लागावा, ती या चिमुकल्या अवकाशात कशी मावते याचे मला नेहमी नवल वाटते. गोव्यातील केरी या गावच्या या बाईंची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली आणि सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, याने रवाना झाल्यानंतर काही दिवसांतच, केसरबाई गेल्या. ही हकीकत आता इतकी सांगितली जाते की भैरवीपेक्षा यानाचेच कौतुक अधिक होते. म्हणून या वेळी यान विसरून केवळ गाणे ऐकले. सलग पाच दिवस, रोज एकदा. पहिल्या दिवशी आवाजाचा दाब जाणवला, तिसऱ्या दिवशी तानेची वीण, पाचव्या दिवशी लक्षात आले की कोठेही घाई नाही. वेळ थोडा असणे आणि घाई असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघुकथा शिकवताना मी हे यापुढे सांगणार आहे.

त्याच घराण्याचे दुसरे टोक म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. मिरजेला नीळकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम आणि नंतर मंजीखाँ व भूर्जीखाँ या अल्लादियाखाँच्या मुलांकडे जयपूरची. त्यांच्या मैफलींची दीर्घ ध्वनिमुद्रणे या महिन्यात संध्याकाळी ऐकली. अनवट रागही ते असे गातात की तो अनवट आहे हे सांगणाऱ्याला सांगावे लागते. लांब आलापीची प्रस्तावना नाही. बंदीश येते आणि तिच्याबरोबरच राग समोर उभा राहतो. ही गायकी ऐकताना एक प्रश्न मला सतावत राहिला. पॉडकास्ट आणि श्राव्य पुस्तके दीडपट वेगाने ऐकण्याची सोय आता प्रत्येक मोबाईलवर आहे, आणि माझे अनेक विद्यार्थी ती सर्रास वापरतात. मन्सूरांचे गाणे दीडपट वेगाने ऐकावे असे त्यांच्यापैकी एकालाही वाटणार नाही. मग लक्ष्मीबाईंचे गद्य, जी. ए. कुलकर्णींची कथा दीडपट वेगाने ऐकायला आपण तयार का होतो? गद्याला लय नसते, फक्त माहिती असते, असे आपण मनोमन धरून चाललो आहोत. साहित्याच्या शिक्षकांनी या समजुतीविरुद्ध उभे राहायचे नाही, तर कोणी राहायचे?

वेगाचा विषय निघालाच आहे तर ग्लेन गूल्डचा उल्लेख करायला हवा. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' या कॅनेडियन पियानोवादकाने दोनदा ध्वनिमुद्रित केल्या : १९५५ मध्ये, ऐन विशीत, आणि १९८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. पहिले वादन सुमारे अडतीस मिनिटांचे, दुसरे एक्कावन्न. एक सुरावट, तिच्यावरची तीस रूपे आणि अखेरीस पुन्हा तीच सुरावट. संहिता एकच, वाचक एकच, मध्ये सव्वीस वर्षे. दुसऱ्या खेपेला त्याने काही भागांची पुनरावृत्तीही केली आहे, त्यामुळे सगळा फरक केवळ वेगाचा नव्हे. तरीही आरंभीची सुरावट दोन्ही ध्वनिमुद्रणांतून पाठोपाठ ऐकावी. पुनर्वाचन म्हणजे काय, हे समजावून सांगणारा यापेक्षा चांगला पाठ मला ठाऊक नाही. पहिल्या वाचनाने दुसरे खोटे ठरत नाही, दुसऱ्याने पहिले जुने होत नाही. 'कोसला' विशीत आणि पन्नाशीत वाचणाऱ्यांनी हे अनुभवले असेलच.

गूल्डने १९६४ मध्ये जाहीर मैफली थांबवल्या आणि ध्वनिमुद्रण व नभोवाणी हीच आपली रंगभूमी मानली. त्याने कॅनडाच्या नभोवाणीसाठी १९६७ मध्ये केलेला 'द आयडिया ऑफ नॉर्थ' हा कार्यक्रम या महिन्यात ऐकला. उत्तरेकडील थंड, निर्जन प्रदेशाविषयी काही माणसे बोलत आहेत, आणि गूल्ड त्यांचे आवाज एकावर एक रचतो. दोघे-तिघे एकदम बोलतात, एक आवाज मागे सरतो, दुसरा पुढे येतो. प्रत्येक शब्द कळावा ही अपेक्षा सोडून द्यावी लागते आणि माणसांचे बोलणे संगीतासारखे ऐकावे लागते. सुरुवातीला त्रास होतो, हे सांगितले पाहिजे. पण पॉडकास्ट या प्रकारात आज जे प्रयोग नवे म्हणून पुढे येतात, त्यातले बरेचसे येथे दिसतात.

प्रत्यक्ष पॉडकास्टमधले दोन नोंदवतो. बीबीसी रेडिओ फोरचा 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ मध्ये सूत्रे सोडली, तोपर्यंत त्याचे हजारावर भाग झाले होते आणि जुने भाग आजही ऐकता येतात. 'मिडलमार्च'वरील भाग मी या महिन्यात ऐकला. अभ्यासक भरकटला की ब्रॅग त्याला जवळजवळ उद्धटपणे विषयावर आणतात. आपल्या चर्चासत्रांतील अध्यक्षांनी हा गुण घ्यावा. दुसरा 'न्यू यॉर्कर'चा कथाविषयक पॉडकास्ट, २००७ पासून दर महिन्याला चालणारा. एक लेखक त्या साप्ताहिकातील दुसऱ्या लेखकाची जुनी कथा निवडतो, ती पूर्ण वाचून दाखवतो आणि मग संपादक डेबोरा ट्रीसमन यांच्याशी तिच्याविषयी बोलतो. आधी वाचन, मग चर्चा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कथा अजून कानात असताना बोललेले समीक्षेचे वाक्य सैल पडू शकत नाही.

आपल्याकडे याची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. मराठी नवकवितेचे अध्वर्यू मर्ढेकर हे आकाशवाणीत नोकरी करणारे होते आणि त्यांनी संगीतिका लिहिल्या. १९५५ मध्ये रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले 'गीतरामायण' वर्षभर दर आठवड्याला एक गीत या क्रमाने घरोघरी ऐकले गेले. पु. ल. आणि सुनीताबाई यांनी बोरकरांच्या व मर्ढेकरांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. दुर्बोध म्हणून बाजूला ठेवलेले मर्ढेकर त्या वाचनात ओवी-अभंगांच्या ओळखीच्या चालीवर चालताना ऐकू येतात. सध्याच्या मराठी पॉडकास्टमध्ये गप्पा आणि मुलाखती पुष्कळ आहेत, त्यातल्या काही चांगल्याही आहेत. पण एक कथा किंवा एक कविता घेऊन, ती नीट वाचून, तिच्यावर पाऊण तास थांबणारे काही ऐकायला मिळाले तर मला हवे आहे. महाविद्यालयांतील मराठी विभागांना हे काम सहज करता येईल. त्याला एक बरा मायक्रोफोन आणि वाचण्याची तयारी एवढेच लागते.

या मतावर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की आवाज फसवतो. चांगल्या वाचकाच्या तोंडी सामान्य कविताही भाव खाऊन जाते. कविसंमेलनांचा अनुभव असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून श्रवणानंतर पानाकडे परतणे आवश्यकच आहे. दुसरा असा की काही लेखन पानासाठीच असते. ओळी तोडण्याची, जागा सोडण्याची भाषा कान टिपू शकत नाही, आणि गुंतागुंतीचे वैचारिक गद्य तर मागे-पुढे जातच वाचावे लागते. हे मान्य करूनही मी एवढेच म्हणेन की आज पारडे दुसऱ्या बाजूला पूर्ण झुकलेले आहे. आपल्या वर्गात आवाज आहे तो शिक्षकाच्या व्याख्यानाचा, साहित्यकृतीचा नाही. आणि भांडी घासताना कानात चालू असलेला पॉडकास्ट हा त्यावरचा उपाय नव्हे. कानाला सतत काहीतरी पुरवत राहणे आणि ऐकणे यांत फरक आहे. पहिल्याने दुसऱ्याची भूक मरते, असाही अनुभव आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तासिकेतील पहिली पंधरा मिनिटे संहितेच्या वाचनासाठी राखून ठेवावीत. वाचन विद्यार्थ्यांनी करावे, आळीपाळीने, आपापल्या बोलीच्या हेलासह. वऱ्हाडातल्या मुलाच्या तोंडी लक्ष्मीबाई थोड्या वेगळ्या ऐकू येतील, मालवणच्या मुलीच्या तोंडी आणखी वेगळ्या. तो दोष समजून दुरुस्त करू नये. ज्यांना वाचताना अडखळायला होते त्यांना अधिक वेळ द्यावा, कारण आपल्यापैकी अनेकांना शाळेत मोठ्याने वाचताना हसले गेले आहे आणि ती भीती पदवीपर्यंत पुरते. अभ्यासक्रमातले एक प्रकरण यामुळे मागे पडेल. पडू द्यावे. न ऐकलेल्या पाच पुस्तकांच्या टिपणांपेक्षा ऐकलेली दोन पुस्तके विद्यार्थ्याजवळ अधिक काळ राहतील, अशी माझी खात्री आहे.

आमच्या वर्गात 'स्मृतिचित्रे'चे वाचन अजून चालू आहे. दोन प्रकरणे झाली आहेत. पुढच्या महिन्याच्या यादीत बहुधा तेच पुस्तक पुन्हा असेल.